तिसरा झोका

श्रीवर्धनला चार दिवस जायचे म्हणून मी पिशवी भरायला घेतली, तेव्हा घरात अगदी क्षुल्लक कारणावरून वाद झाला. कपड्यांच्या पिशवीत वडिलांचा जुना कॅमेरा मावत नव्हता, आणि कॅमेऱ्याच्या पेटीत कपडे मावत नव्हते. "फोटो काय मोबाइलवर निघत नाहीत?" असे सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न रास्त होता. मी उत्तर न देता दोन सदरे कमी केले.

हा कॅमेरा म्हणजे स्पीड ग्राफिक. वाचकांपैकी ज्यांनी जुने इंग्रजी चित्रपट पाहिले असतील त्यांना तो नावाने नाही तरी रूपाने ठाऊक असेल. टोपी घातलेले वार्ताहर हातात एक चौकोनी पेटी घेऊन धावतात, पेटीच्या तोंडाला भाता असतो आणि बाजूला थाळीएवढा चकचकीत दिवा. अमेरिकेत रॉचेस्टर येथे १९१२ पासून पुढे साठ वर्षे हा कॅमेरा निघत होता. आत महोगनीचे लाकूड, बाहेर कातडे, वजन तीन किलोच्या आसपास. नावात 'स्पीड' आहे, पण तो वेग पडद्याचा, माणसाचा नव्हे. त्यात रीळ नसते. चार इंच बाय पाच इंचांची एकेक सुटी फिल्म अंधारात चौकटीत भरायची. एका चौकटीच्या दोन बाजूंना दोन फिल्म. चौकट कॅमेऱ्याच्या पाठीत सरकवायची, तिच्यावरचे झाकण उपसायचे, शटरची चावी द्यायची, फोटो घ्यायचा, झाकण परत घालायचे, चौकट काढून उलटी करायची आणि पुन्हा पहिल्यापासून. एवढे होईपर्यंत समोरचा घोडा शर्यत जिंकून तबेल्यात गेलेला असतो.

आमचे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, ते गिरगावातल्या एका स्टुडिओत नोकरीला होते. दिवसभर मुंजी, लग्ने आणि पासपोर्ट. न हलणारी माणसे टिपण्यात त्यांचे आयुष्य चालले होते, आणि त्यांना हौस होती ती हलणाऱ्यांची. वर्तमानपत्रातले एक छायाचित्रकार गृहस्थ लहान कॅमेऱ्याकडे वळले तेव्हा त्यांचा हा स्पीड ग्राफिक नानांनी विकत घेतला. त्या व्यवहारात आईच्या दोन पाटल्या गेल्या. पुढे घरात त्या कॅमेऱ्याला 'पाटल्या' असेच नाव पडले. "पाटल्या खाली ठेवा आधी, मग जेवा," असे आई म्हणे.

होमाई व्यारावाला यांची छायाचित्रे नाना साप्ताहिकांतून कापून ठेवीत. 'डालडा १३' या टोपणनावाने त्यांची चित्रे येत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेली ही बाई दिल्लीत साडी नेसून पुढाऱ्यांच्या गर्दीत शिरते, असलाच कॅमेरा वापरते, आणि नेहरूंच्या हातून सुटलेले कबूतर पंख पसरलेले असतानाच पकडते, याचे नानांना विलक्षण कौतुक होते. "कबूतर उडल्यावर बटण दाबलं तर आभाळाचा फोटो येतो," ते म्हणत. "उडायच्या आधी दाबायचं."

असो. १९६३ च्या जानेवारीत नाना मला घेऊन श्रीवर्धनला आत्याकडे गेले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. एस.टी.ने पनवेल, पेण, माणगाव, म्हसळे असा सगळा दिवस मोडला. संध्याकाळी घाट उतरताना खाली जे दिसले ते मी विसरलेलो नाही. समुद्र दिसला तो नंतर. आधी दिसले ते पोफळींचे शेंडे. खाली गाव आहे याचा पत्ताच लागत नव्हता. ज्या गावात बाळाजी विश्वनाथ भटांचे घर, ज्या गावातून निघून तो माणूस १७१३ साली पेशवा झाला, आणि ज्या गावावर १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीचा अंमल राहिला, ते सगळे गाव हिरव्या छपराखाली झाकलेले होते.

श्रीवर्धनची रचना अजूनही तीच आहे. चिऱ्याच्या गडग्यांमधून जाणारी अरुंद आळी, आळीला तोंड करून घर, घरामागे विहीर, विहिरीमागे वाडी, आणि वाडी संपली की वाळू. वाडीत पोफळी दाट लावलेल्या, मधूनमधून नारळ. इथली रोठा सुपारी आकाराने मोठी आणि खायला मऊ म्हणून पूर्वीपासून नावाजलेली. बाजारात ती 'श्रीवर्धनी' म्हणूनच ओळखली जाते. थंडीत पिकलेली शिंपुटे उतरवायची आणि अंगणात वाळत घालायची, हा तिथला मोठा उद्योग.

आणि ही शिंपुटे उतरवण्याची रीतच नानांना तिथे घेऊन गेली होती. पोफळ चाळीस-पन्नास फूट उंच, पण खोड एवढे बारीक की दोन तळव्यांत धरावे. एका झाडावर चढायचे, उतरायचे, पुन्हा दुसऱ्यावर चढायचे असे केले तर दिवसात किती झाडे होणार? म्हणून कसलेला गडी एकदा चढला की उतरत नाही. पायात दोरीचा फेरा, कमरेला आकडीत कोयती. शेंड्याशी जाऊन शिंपुट सोडले की तो अंगाच्या भाराने झाड हलवू लागतो. एक झोका, दुसरा झोका, आणि शेजारचे झाड हाताशी आले की ते धरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. सोडलेले झाड मागे सपकन उभे राहते. खालून पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. वरचा गडी मात्र तोंडातले पान चघळत असतो.

आत्याच्या वाडीत तेव्हा दोन भाऊ हे काम करीत. थोरला विशीतला, धाकटा सतरा-अठराचा.

नानांनी बारा फिल्म आणल्या होत्या. परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर निर्बंध होते आणि उटीचा सरकारी फिल्म कारखाना अजून माल काढू लागला नव्हता, तेव्हा बारा म्हणजे चैन होती. पहिल्या दिवशी चार फिल्म वाया गेल्या. उभे राहून, मान वाकडी करून तीन किलोची पेटी आभाळाकडे धरायची म्हणजे हात थरथरणार. त्यातून वाडीत उजेड कमी. शटरचा वेग वाढवावा तर फिल्म काळोखी, उजेड घ्यावा तर माणूस पुसलेला.

दुसऱ्या दिवशी नानांनी गळून पडलेल्या पोफळीच्या विऱ्या गोळा केल्या, जमिनीवर अंथरल्या आणि त्यांवर उताणे झोपले. कॅमेरा छातीवर. वर पाहायला स्पीड ग्राफिकला तारेची एक साधी चौकट असते. डोळा कॅमेऱ्याला चिकटवावा लागत नाही. शेजारच्या झाडाच्या शेंड्यावर त्यांनी अंतर आधीच जुळवून ठेवले. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "झोका बघ. टोकाला गेला की काय होतं?"

मी म्हणालो, "थांबतो."

"किती वेळ?"

"थोडासाच."

"तेवढा आपल्याला पुष्कळ."

सगळी विद्या इथेच होती. घड्याळाचा लंबक टोकाला पोचला की परत फिरण्याआधी क्षणभर स्थिर होतो. माणूस उडी मारतो तेव्हा शिखरावर तसाच अधांतरी थांबतो. अवजड कॅमेऱ्याने वेगाचा पाठलाग करायचा नसतो, वेग जिथे दम खातो तिथे आधी जाऊन बसायचे असते. नाना मोठ्याने झोके मोजू लागले. पहिल्यावर झाकण उपसलेले, दुसऱ्यावर श्वास रोखलेला. तिसऱ्यावर खटका. सहा वेळा त्यांनी हे केले. राहिलेल्या दोन फिल्मांवर आत्याचे आणि माझे फोटो निघाले. त्यांत मी रडवेला आहे, कारण मला मुंगळा चावला होता.

आपल्याकडे हा खटाटोप नवा नव्हता. १८९९ साली सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी विलायतेहून चलच्चित्रांचा कॅमेरा मागवला आणि मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली. फिल्म धुण्यासाठी विलायतेला पाठवावी लागली. डाव कसा पकडला गेला हे कळायला आगबोटीच्या दोन खेपा वाट पाहायची! गंमत म्हणजे सावेदादाही मुळात स्टुडिओत माणसे स्थिर बसवून फोटो काढणारेच. असल्या माणसांनाच कुस्तीची ओढ का लागते, हे मला नानांकडे पाहून समजले.

त्या रात्री माजघराची दारे बंद करून, लाल दिव्याचाही आधार न घेता, पुऱ्या अंधारात नानांनी परातीत फिल्म धुतल्या. सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या सहांपैकी पाच वाया गेल्या होत्या. एकीवर शेंडा होता पण माणूस नव्हता, एकीवर माणूस होता पण त्याला तीन हात होते. सहावीवर मात्र तो होता. एक हात पुढच्या झाडाला लागलेला, शरीर दोन झाडांमध्ये कमानीसारखे ताणलेले, मागे पांढरे आभाळ. मी उड्या मारल्या. नानांनी भिंग लावून पाहिले आणि फिल्म खाली ठेवली.

"पाय हलला," ते म्हणाले.

मागचा पाय, जो झाड सोडत होता, तो खरोखरच पुसट होता, धुरासारखा. टोकाच्या क्षणापेक्षा खटका केसभर उशिरा पडला होता. निघताना त्या भावांना नानांनी सांगितले होते, "फोटो पाठवतो." पण फसलेला फोटो पाठवायचा नाही, पुढच्या वर्षी येऊन चांगला काढायचा, असे त्यांनी मनाशी ठरवले. पुढचे वर्ष स्टुडिओतल्या लग्नांत गेले, त्याच्या पुढचेही. ती फिल्म पाकिटात राहिली. त्या पाकिटावर नानांच्या अक्षरात 'श्रीवर्धन, पाय' एवढेच लिहिलेले आहे.

पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात मी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराचे एक चित्र पाहिले. १९१२-१३ च्या सुमारास अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या पोराने असल्याच जातीच्या पेटीने धावत्या शर्यतीच्या मोटारीचा फोटो घेतला. पडद्याची फट फिल्मवरून सरकेपर्यंत मोटार पुढे गेली, त्यामुळे चाक अंड्यासारखे होऊन पुढे झुकले, आणि मोटारीबरोबर कॅमेराही फिरवल्याने कडेची माणसे मागे कलली. त्याला ते फसले असे वाटून त्याने बाजूला ठेवले. आज वेगाचे चित्र म्हटले की जाणकार तेच पुढे करतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात लार्तिगचे प्रदर्शन भरले आणि त्याचे नाव झाले, ते साल १९६३. नाना श्रीवर्धनच्या विऱ्यांवर झोपले होते तेच साल. ही गोष्ट त्यांना सांगायला मला उशीर झाला. ते १९९१ मध्ये गेले.

आता यंदाच्या पौषातली हकीकत.

घाट उतरताना मी खिडकीशी बसलो होतो. समुद्र आधी दिसला. आणि गावही दिसले. कौले, पत्रे, निळे प्लास्टिक, सगळे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि काही तासांत इथल्या वाड्या आडव्या झाल्या, हे मी वर्तमानपत्रांत वाचले होते. पण वाचणे वेगळे. आतेभावाच्या वाडीत उभा राहिलो तर डोक्यावर ऊन लागले. याच जागी भर दुपारी नानांना उजेड पुरला नव्हता!

आतेभावाने नव्याने लावलेली रोपे दाखवली. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. काही झाडांना पहिली शिंपुटे आली आहेत. गावात कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे, तिथे याच जातीवर काम चालते. पण लहान झाडाला झोका नसतो. उरलेली जुनी झाडे इथे एक, तिथे दोन, एकमेकांपासून लांब. "आता गडी प्रत्येक झाडाला चढतो नि उतरतो," आतेभाऊ म्हणाला. "मजुरी दुप्पट, सुपारी निम्मी."

त्या दोघा भावांपैकी धाकटा हयात आहे, जवळच राहतो, असे कळले. मी निघण्यापूर्वी नानांची ती फिल्म मुंबईतल्या एका दुकानात देऊन मोठा फोटो करून आणला होता. माझ्या डोक्यात पक्के होते की फोटोतला गडी तो हाच. मला लहानपणी तोच आठवत होता, कारण त्याने मला शहाळे फोडून दिले होते. तेव्हा साठ वर्षांचे कर्ज फेडायला आल्याच्या थाटात मी त्यांच्या ओटीवर गेलो.

वय ऐंशीच्या पुढे, पण पाठ ताठ. फोटो त्यांनी हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. नातवाने चष्मा आणून दिला. बराच वेळ कोणी बोलले नाही.

"बाबा, हे तुम्हीच ना?" मी विचारले.

"मी नाय," ते म्हणाले. "हा आमचा दादा."

मी म्हटले, तोंड तर नीट दिसतही नाही. त्यांनी फोटोवर बोट ठेवले. "हा हात बगा. दादा डावरा. आमी सगळे उजवा हात टाकतो, तो डावा टाकायचा. बापाचा मार खाल्लान त्यापायी, पन सवय ग्येली नाय."

थोरला भाऊ १९६८ च्या पावसाळ्यात दोन दिवसांच्या तापाने गेला. लग्न ठरत होते. त्याचा फोटो घरात नव्हता. कोणाच्याच घरात नव्हता. रेशनकार्डावरसुद्धा तेव्हा फोटो लागत नसे. घरात सून होती, तिने हा चुलत सासरा नावानेच ऐकलेला. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि फोटोकडे पाहत उभी राहिली.

मी परत आलो खरा, पण रात्री झोप येईना. फोटोत डावा हात दिसतो आहे. पण फिल्म उलटी धरली तर उजव्याचा डावा होतो! दुकानातल्या मुलाने ती यंत्रात कशी ठेवली होती कोण जाणे. तसे असेल तर हा थोरला नव्हे, हा धाकटाच, आणि मी एका म्हाताऱ्या माणसाला त्याचाच फोटो मेलेल्या भावाचा म्हणून देऊन आलो.

सुदैवाने फिल्म मी बरोबर आणली होती. सुट्या फिल्मच्या एका कोपऱ्यात कडेला बारीक खाचा असतात. अंधारात बोटाने चाचपून कोणती बाजू कुठे हे कळावे म्हणून. फिल्म उभी धरून खाचा वर उजव्या हाताला आल्या, की रसायनाचा थर आपल्याकडे असतो, आणि त्या बाजूने चित्र आरशातल्यासारखे उलटे दिसते. सकाळी उठल्याबरोबर मी खिडकीशी गेलो. खाचा वर उजवीकडे घेतल्या. हात फोटोतल्यापेक्षा उलट बाजूला होता. तीच फिल्म फिरवून धरली, तेव्हा तो फोटोतल्यासारखा झाला. म्हणजे दुकानातल्या मुलाचे बरोबर होते. हात डावाच. दादाच.

हे सांगायला मी घाईघाईने ओटीवर गेलो. खाचांचे सगळे शास्त्र समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते तर मी कालच बोललो."

मग मी भीत भीत विचारले, मागचा पाय पुसट आला आहे, ते चालेल ना? नानांना तो आवडला नव्हता, म्हणून तर फोटो आला नाही.

"झाड सोडताना पाय असाच उडायचा," ते म्हणाले. त्यांना त्यात काही खोट दिसली नाही. हे ऐकायला नाना हवे होते, असे मला वाटले. लगेच वाटले, त्यांनी ऐकले नसते.

त्यांचा नातू हेच काम करतो. पलीकडच्या एका वाडीत गडग्याच्या आडोशाने चार जुनी झाडे जवळजवळ वाचली आहेत, तिथे झाडावरून झाडावर जाता येते, असे तो म्हणाला. "या काका, तुमी फोटो काढा." माझ्याजवळ सहा फिल्म होत्या, या मापाची फिल्म परदेशात अजून निघते, पण किंमत मी घरात सांगितलेली नाही. विऱ्या अंथरल्या. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने उताणे झोपून छातीवर तीन किलो ठेवू नये, हे तिथे पडल्यावर कळले. आजोबा खुर्ची टाकून बसले होते. नातू सरसर वर गेला, झाड हलू लागले आणि आजोबांनीच मोजायला सुरुवात केली, "येक... दोन..."

तीनवर मी खटका दाबला. सहा वेळा.

मुंबईला येऊन फिल्म धुतल्या. चारांवर नुसते आभाळ. पाचवीवर दोन शेंडे एकमेकांकडे झुकलेले आणि कोपऱ्यात एक पाऊल. सहावी फिल्म भरायलाच मी विसरलो होतो. चौकट रिकामी होती.

पाचवीचा फोटो आणि दादाच्या फोटोच्या आणखी दोन प्रती मी तिसऱ्याच दिवशी पोस्टात टाकल्या. पोच म्हणून नातवाने मोबाइलवर एक चित्र पाठवले. त्याच्या बहिणीने त्या दिवशी गडग्यावरून काढलेले. त्यात एक म्हातारा विऱ्यांवर उताणा पडला आहे, छातीवर पेटी, तोंड उघडे, आणि त्याच्या बरोबर वर, दोन झाडांच्या मध्ये, तिचा भाऊ अधांतरी थांबलेला आहे. उजवा हात पुढे. पाय अगदी स्पष्ट.